विषय: अध्यक्ष आणि खजिनदार, दोन्हींसाठी एकाच सभासदाचा अर्ज

नमस्कार मंडळी,

एका सभासदाने दोन्ही पदांसाठी अर्ज दिलाय आणि त्यावरून कुजबुज सुरू आहे. आपल्या मंडळाच्या घटनेत दोन पदं एकाकडे नकोत एवढंच म्हटलंय, दोन अर्ज नकोत असं नाही. कामाला माणसं मिळत नाहीत ही आपली दरवर्षीची रड. अध्यक्षपद हुकलं तरी हिशोब बघायची कुणाची तयारी असेल तर अडवायचं कशाला?

---

काका, नमस्कार.

घटनेचा अर्थ तुम्ही बरोबर लावलात. घटना जिथे गप्प आहे तिथे आपण ‘रॉबर्ट्स रूल्स’ हे सभा चालवण्याच्या नियमांचं अमेरिकी पुस्तक मानतो, आणि त्यातही दोन पदांसाठी नाव द्यायला मनाई नाही. दोन्हीकडे निवडून आलेला माणूस सभेत हजर असेल तर कुठलं पद घ्यायचं ते तो सांगतो, नसेल तर सभा ठरवते, आणि उरलेल्या पदाची निवड पुन्हा होते. पण हे जमतं सगळे समोर बसलेले असताना. आपलं मतदान ऑनलाइन, सगळ्या पदांचं एकदम. उरलेलं पद मग कुणाला? दुसऱ्या क्रमांकाला द्यावं तर सभासदांनी त्याला निवडलेलंच नाही.

आपल्या टेक्सासचंच बघा. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन १९६० साली सेनेट आणि उपराष्ट्राध्यक्षपद, दोन्हींसाठी उभे होते. राज्याचा कायदा आदल्याच वर्षी त्यांच्या सोयीने बदलला होता. ते दोन्हीकडे जिंकले आणि सेनेटची जागा त्यांनी सोडली. १९६१च्या पोटनिवडणुकीत ७१ उमेदवार उतरले, दुसरी फेरी घ्यावी लागली आणि निवडून आले विरोधी पक्षाचे जॉन टॉवर. ज्यांनी नोव्हेंबरात जॉन्सनना मत दिलं, त्यांच्या मताचं सहा-सात महिन्यांत काय झालं?

भारतात १९९६ पासून एका उमेदवाराला दोनच मतदारसंघांची मर्यादा आहे. तरी २०२४ मध्ये राहुल गांधी रायबरेली आणि वायनाड दोन्हीकडे जिंकले, आणि वायनाडला त्याच वर्षी परत मतदान करावं लागलं. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात एक उमेदवार, एक जागा अशी शिफारस केली होती. मला ती मनापासून पटते. तिथे निदान फेरमतदानाला सरकारी यंत्रणा असते. आपल्याकडे तेच थकलेले स्वयंसेवक.

तुमची काळजीही खरी आहे. म्हणून सुचवते: आधी फक्त अध्यक्षाचं मतदान घेऊ, निकाल लागला की खजिनदारपदाचे अर्ज मागवू. हरलेल्याला तिथे उभं राहता येईल. अध्यक्षाचा प्रतिस्पर्धी खजिनदार झाला तर चांगलंच, हिशोबावर नजर राहील.

---

ताई, टप्प्याटप्प्याने मतदान मला मान्य आहे. पण घटनादुरुस्तीला तीस दिवसांची नोटीस लागते, म्हणजे यंदा ते बसत नाही. अर्ज आलाय तो नियमानेच आलाय, तो बाद करणं अन्याय होईल. दोन्हीकडे निवड झाली तर खजिनदार वार्षिक सभेत हात वर करून निवडायचा, हे मतपत्रिकेवरच छापू. दुरुस्तीचा मसुदा तुम्ही लिहा, अनुमोदन माझं.