मदत हवी आहे: विकास आराखड्यात आमचा ओत (छोटा नाला) दाखवून घ्यायचाय, हरकत कशी लिहू? (सांगली)

कृष्णाकाठची
मंडळी, जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आम्ही शामरावनगरच्या बाजूला राहतो. सासऱ्यांनी घेतलेला गुंठेवारीतला प्लॉट, नंतर नियमित करून घेतला. घरामागं काळ्या रानाचा सखल तुकडा आहे आणि त्याच्या कडेनं ओत जातो. उन्हाळ्यात बघितलात तर तिथं ओत आहे हे पटणार नाही, नुसत्या बाभळी आणि राडारोडा. पण २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्याकडं पाणी नदीच्या अंगानं आलंच नाही. मागनं आलं. ओताला फुगवटा आला, आधी ते रान भरलं, मग परसदार, मग मोरीतनं घरात. रान भरण्यात जवळजवळ एक दिवस गेला. तेवढ्यात सासूबाईंना विश्रामबागेला नणंदेकडं पोचवता आलं, कागदपत्रं आणि धान्य माळ्यावर चढवता आलं. २०२१ ला पुन्हा तसंच. ते रान नसतं तर पाणी रात्रीतच आत आलं असतं.

आता वरच्या अंगाला दोन ठिकाणी मुरूम टाकून ओत बुजवलाय. तोंडी तक्रार केली, तर "नकाशात नाला दिसत नाही" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो नकाशाच बसलाय. विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठं काय होणार हे ठरवणारा नकाशा, २० वर्षांनी सुधारतात आणि त्याचं प्रारूप (कच्चा मसुदा) प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, एवढं मी वाचलंय. जाहिरात आपल्यापर्यंत पोचेपर्यंतच त्यातले आठ-दहा दिवस जातात, म्हणून आत्तापासूनच तयारीला लागलेय.

खरी अडचण पुढं आहे. ते रान शेजारच्या काकांचं आहे, २२ गुंठे. २०१९ ला मिस्टर घर राखायला मागं राहिले होते, त्यांना कमरेएवढ्या पाण्यातनं काकांनीच बाहेर काढलं. काकांच्या दोन मुलांना तिथंच घरं बांधायची आहेत. मी "इथं उद्यानाचं आरक्षण टाका", म्हणजे जागा उद्यानासाठी राखून ठेवा, असं लिहून दिलं तर त्यांची जागा वर्षानुवर्षं अडकेल. आणि काहीच लिहिलं नाही तर सगळं पिवळं होईल, म्हणजे रहिवासी, आणि ओत कायमचा गेला.

जागा माझी नाही, तरी मला हरकत घेता येते का? सोबत काय जोडायचं? आणि काकांचं नुकसान न होता ओत वाचेल असं नेमकं मागायचं काय? कुणी असा अर्ज केला असेल तर कृपया लिहा.

जुना भूकरमापक
ताई, हरकत कुणालाही देता येते, मालकी लागत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम २६ खाली हरकती घेतात आणि कलम २८ खाली नियोजन समितीपुढं सुनावणी होते. सुनावणीला स्वतः हजर राहा.

पण तुमचं काम त्याच्या आधीच सुरू होतं. प्रारूप करण्यापूर्वी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा करतात. त्यात ओत सुटला की पुढं प्रत्येक नकाशात तो सुटतच जातो. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि त्या गटाच्या फाळणीची, म्हणजे हिश्श्यांच्या मोजणी नकाशाची, नक्कल काढा. जुन्या मोजणीत नाले-ओघळी आखलेल्या असायच्या. तिथं ओत सापडला तर तुमचा अर्ज म्हणजे फक्त मत राहत नाही, पुरावा होतो. अर्जात गट नंबर आणि चतुःसीमा लिहा, "आमच्या घरामागचा ओत" असं लिहून भागत नाही. पुराचे फोटो तारखेसह जोडा.

मिरजकर
आधी पूररेषा बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. ते रान निळ्या रेषेच्या आत असेल तर बांधकामाला तसाही अटकाव आहे, तिथं आरक्षण मागून काकांचं मन दुखवायचं कारणच नाही. बाहेर असेल तर मात्र तुम्हाला नीट मांडावं लागेल.

आरक्षणग्रस्त
आमच्या वडिलांच्या जागेवर आरक्षण पडलं होतं, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षं थांबायचं, मग कलम १२७ ची, म्हणजे "जागा घ्या नाहीतर सोडा" अशी नोटीस द्यायची, मग २४ महिने वाट बघायची. वडील तोवर थकले. मोबदला पैशात किंवा टीडीआर (दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (जागेवर किती बांधता येईल ते प्रमाण) या रूपात मिळू शकतो, पण तो हातात पडेपर्यंत माणूस अडकून पडतो.

पूर्ण २२ गुंठे मागू नका. ओताचं पात्र आणि दोन्ही काठांना पट्टा नाला म्हणून दाखवा, तिथं भराव नको, एवढंच मागा. उरलेल्या जागेत मुलांची घरं जोत्याची उंची वाढवून होतील. आणि अर्ज टाईप करण्याआधी काकांकडं जा. त्यांना हे वर्तमानपत्रातून कळता कामा नये.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी काकांकडं जाऊन आले. सुरुवातीला ते गप्पच होते. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी त्या ओतात मासे धरायला जायचे, आणि मुरूम पडल्यापासून त्यांच्या रानात पाणी तुंबून हरभरा कुजतोय. पट्ट्याला त्यांची ना नाही, पण किती फूट जाणार हे आधी कागदावर दाखव म्हणाले. सोमवारी आम्ही दोघं फाळणीची नक्कल काढायला जातोय.

भूकरमापक दादा, आणखी एक विचारते. नकलेत ओताची रुंदी लिहिलेली असते, की ती नकाशावरून मोजून काढावी लागते? आणि २००५ च्या पुराचे या भागातले फोटो कुणाकडं असतील तर कृपया कळवा, आमचे सगळे भिजून गेले.