६८ मिनिटांचा ब्रिटिश थ्रिलर डीव्हीडीवर ६५ मिनिटांत कसा संपतो?

प्रश्न: १९५६ चा कमी बजेटचा ब्रिटिश गुन्हेपट. नोंदीत लांबी ६,१२० फूट, म्हणजे ६८ मिनिटं. तिकडच्या डीव्हीडीवर मात्र ६५ मिनिटं १७ सेकंद. सेन्सॉरची कात्री का? शिवाय पात्रांच्या डोक्यावर भलतीच मोकळी जागा दिसते.

उत्तर १: कात्री नाही. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते, पाल (ब्रिटनमधली टीव्ही पद्धत) डीव्हीडी २५. ६८ ला २४ ने गुणा, २५ ने भागा: ६५.२८ मिनिटं, म्हणजेच ६५ मिनिटं १७ सेकंद. तंतोतंत! दुरुस्त केला नसेल तर आवाजही किंचित चढा लागतो.

उत्तर २: मोकळ्या जागेचं म्हणाल तर, तेव्हा पूर्ण १.३७ फ्रेम (उंचीच्या १.३७ पट रुंद) चित्रित करून थिएटरात वर-खाली झाकून १.६६ दाखवायचे. श्रेयनामावली मधल्या पट्ट्यात नीट बसत असेल तर खुशाल झाकून बघा. टीव्हीचा झूम नको, तो १.७८ पर्यंत कापतो.

उत्तर ३: वेळ जुळली तरी रिळांची टोकं तपासाच, प्रिंट (थिएटरात चालवायची फिल्मची प्रत) तिथेच झिजते. वर उजव्या कोपऱ्यात ठिपका (रीळ बदलायची खूण) दिसला की लक्ष द्या. प्रिंट तुटून जोडलेली असेल तर आधी चित्र उडी मारतं, साधारण २० फ्रेमनंतर आवाज तुटतो, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्मवरचा आवाज चित्राच्या पुढच्या जागी वाचला जातो. दोन्ही एकदम उडाले तर काप प्रिंट निघण्यापूर्वीचा समजा.