फरशीवर चालणाऱ्या व्हॅक्यूम नोझलचा आवाज, आकार न वाढवता, कसा कमी करावा?

प्रश्न (रत्नागिरी)

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिकचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. गणपतीपुळे ते गुहागर या पट्ट्यातील काही निवास-न्याहारी चालकांच्या मागणीवरून आम्ही व्हॅक्यूम क्लीनरचे फरशीवर चालणारे नोझल तयार करीत आहोत. पाहुणे पुळणीवरून परतले की खोल्यांत वाळू येते आणि ती बहुधा भर दुपारी, शेजारच्या खोलीत कोणी विश्रांती घेत असताना, काढावी लागते. नमुन्याची रुंदी २७० मिमी व उंची ७० मिमी आहे. तो पलंगाखाली जायला हवा असल्याने उंची वाढवता येत नाही. फरशीवर टेकवताच मोठी फुसफुस सुरू होते आणि तिच्या जोडीला एक बारीक शिट्टीही ऐकू येते. आतून स्पंज लावून पाहिला, पण विशेष फरक पडला नाही. बदलाची सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर (चिपळूण)

आधी मोटारीचा आवाज वेगळा काढावा. यंत्र बाहेर पडवीत ठेवून लांब नळी दाराच्या फटीतून आत घ्यावी, फट गोधडीने बुजवावी आणि खोलीत फक्त नोझल चालवावे. ते एकदा उचलून धरून व एकदा फरशीवर टेकवून, एकाच अंतरावरून आवाज मोजावा. टेकवल्यावर पातळी वाढत असेल, तर दोष बहुधा फरशी आणि कडेमधल्या फटीत आहे, असे समजावे. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०१७ पासून या यंत्रांना ८० डेसिबल ध्वनिशक्ती आणि ९०० वॅट विद्युतशक्ती अशी कमाल मर्यादा आहे. मोटार लहान आणि शांत होत गेली की नोझलचा आवाज अधिक उघडा पडतो, म्हणून आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

उत्तर (दापोली)

मी द्रवगतिकी शिकवतो, त्यामुळे थोडे आकडे मांडतो. यंत्र सेकंदाला ३० लिटर हवा ओढते असे धरले, तर ३२ मिमी व्यासाच्या नळीत हवेचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर येतो. पण पुढची आणि मागची कड फरशीपासून १ मिमी उंच असेल व बाजू बंद असतील, तर त्या दोन फटींचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम ५.४ चौरस सेंमी भरते आणि तिथला सरासरी वेग ५५ मीटरपर्यंत जातो. घन पृष्ठभागावर आपटणाऱ्या खळबळत्या हवेची ध्वनिशक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घातांकाने वाढते, म्हणजेच वेग २० टक्क्यांनी कमी केला तर सुमारे ६ डेसिबल कमी होतात. एवढा लाभ नोझलमध्ये मावणाऱ्या स्पंजातून मिळणे कठीण आहे.

त्यातही ५५ ही केवळ सरासरी आहे. खारभूमीच्या बंधाऱ्यावरील उघाडीचे, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचे, दार थोडेसे वर उचलले की त्याखालून सुटणारे पाणी दाराच्या फटीहून पातळ होऊन वाहते. त्याची जाडी फटीच्या जवळजवळ ६० टक्के उरते. आपल्या नोझलची बाहेरची कड काटकोनी असेल, तर हवेचेही तसेच होते आणि प्रत्यक्ष वेग सरासरीच्या दीडपटीहून जास्त होतो. म्हणून फट आहे तेवढीच ठेवून, हवा जिथून आत शिरते त्या खालच्या कडेला २ ते ३ मिमी त्रिज्येची गोलाई द्यावी. प्रवाह आकसत नाही, तेवढ्याच हवेसाठी कमाल वेग उतरतो, आणि उंचीत एका मिलिमीटरचीही भर पडत नाही. साच्यात करायचा हा सर्वांत स्वस्त बदल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिट्टीचे कारण वेगळे आहे. फटीतून निघालेली हवेची पातळ चादर समोरच्या धारेवर आपटते आणि २७० मिमी लांबीभर भोवरे एकाच तालात सुटतात. ती धार सरळ न ठेवता किंचित नागमोडी केली, तर ताल मोडतो.

उत्तर (मालवण)

मी यंत्रदुरुस्ती करतो. स्पंज कृपया काढून टाकावा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत तो ओलावा धरतो, वाळूने भरतो आणि पावसाळ्यात त्याला वास येतो. शिट्टी तरीही उरल्यास कवचातील रिकामी जागा वापरता येईल: २००० हर्ट्झचा सूर शोषायला सुमारे ४३ मिमी लांबीची, एका टोकाला बंद असलेली पोकळी पुरते आणि ती आडवी बसते. तिचे तोंड मात्र खालच्या दिशेला असावे, म्हणजे वाळू आत साठणार नाही. चाकांवर मऊ रबर असावे; कडक प्लास्टिकच्या चाकात एखादा खडा रुतला की फरशीवर खरखर होते आणि चरेही पडतात.

प्रतिप्रश्न (गुहागर)

आम्ही निवास-न्याहारी चालवतो. हवेचा वेग कमी केल्यावर वाळू उचलली जाईल का? ती धुळीसारखी हलकी नसते, आणि फरशीच्या सांध्यांत बसलेली तर मुळीच निघत नाही.

उत्तर (दापोली)

आपली शंका रास्त आहे, आणि म्हणूनच मी फट मोठी करण्याचा सल्ला दिला नाही. फरशीलगतचा सरासरी वेग टिकवायचा आहे. आकसण्यामुळे येणारा जादा वेग, तसेच नोझल नळीला जोडणाऱ्या मानेच्या वळणावरील पायरीवर आणि बाजूंच्या गळतीत वाया जाणारा जोर तेवढा काढायचा आहे. गोलाईमुळे विरोध घटतो आणि तीच मोटार थोडी अधिक हवा ओढते, त्यामुळे आवाजातील लाभाचा काही भाग परत जाईल, हेही लक्षात घ्यावे. दोन्ही नमुन्यांची तुलना करताना वजन केलेली कोरडी वाळू सांधे असलेल्या फरशीवर पसरावी, ठरावीक फेऱ्यांनंतर उरलेली वाळू पुन्हा तोलावी, आणि त्याच फेऱ्यांत आवाजही मोजावा. वाळू जास्त उरू लागली, तर तो नमुना कितीही शांत असला तरी बाद करावा.