मदत हवी आहे: ओपीआर आणि बीओडी नक्की कोणी लिहायचं? (अर्जंट)

अंबडकर_२१
मंडळी, कमिशनिंगवाले (बिल्डिंगमधल्या यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालतात का ते तपासणारे) म्हणतात सोमवारपर्यंत ओपीआर (मालकाच्या गरजांची नोंद) आणि बीओडी (डिझाइन कशाच्या आधारावर केलं त्याची नोंद) द्या नाहीतर कमिशनिंगचा प्लॅन पुढे सरकणार नाही. आर्किटेक्ट म्हणतात हे एमईपीचं (एसी, वीज, प्लंबिंगचं डिझाइन करणाऱ्यांचं) काम, एमईपीवाला म्हणतो मालकाचं, आणि मालक म्हणतात तू कोऑर्डिनेटर ना, तूच बनव. कोणाकडे रेडी फॉरमॅट असेल तर प्लीज टाका, बाकीचं मी बघतो.

डक्टवाला
कुठलं ग्रीन बिल्डिंग रेटिंग? लीड, आयजीबीसी, गृहा? एरिया किती? काम कुठवर आलंय?

मेधा_सातपूर
फॉरमॅटने काही होणार नाही हो. ओपीआर मालकाचं. किती माणसं बसणार, ऑफिस किती वाजेपर्यंत चालणार, आत तापमान किती हवं, वीज-पाण्याचं टार्गेट काय, मेंटेनन्स कोण बघणार. तुम्ही समोर बसून लिहून घ्या पण म्हणणं त्यांचं आणि सहीपण त्यांचीच. बीओडी डिझाइनवाल्यांचं, म्हणजे मालकाने मागितलं ते कसं देणार, कुठला कोड, बाहेरचं तापमान किती धरलं. कमिशनिंगवाला दोन्ही तपासतो. प्लॅन मात्र त्याचा.

गोदाकाठ
छतावर सोलर टाकलंय का? नेट मीटरिंगचा अर्ज आत्ताच करून ठेवा.

अंबडकर_२१
सोलरचं नंतर बघू दादा. लीड व्ही४, ऑफिस, ३२,००० स्क्वेअर फूट. स्लॅब झाले, चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन) साइटवर आलाय. कमिशनिंगवाला एमईपी कन्सल्टंटच्याच ऑफिसातला आहे.

डक्टवाला
अहो मग मुख्य प्रश्न हाच आहे! लीडमध्ये २०,००० स्क्वेअर फुटांच्या वर डिझाइन टीममधला माणूस कमिशनिंग अथॉरिटी म्हणून चालत नाही. फंडामेंटलपुरता (म्हणजे लीडच्या सक्तीच्या कमिशनिंगपुरता) त्याच फर्मचा चालतो, पण तुमच्या प्रोजेक्टच्या डिझाइनमध्ये त्याचा हात नको, आणि अशा किमान दोन प्रोजेक्टचा अनुभव हवा. रिपोर्टही थेट मालकाला. शिवाय त्याला डिझाइन डेव्हलपमेंट (तपशीलवार डिझाइनचा टप्पा) संपायच्या आत नेमायला हवं होतं, कधी नेमलाय ते पत्र शोधा.

जुना_साइटवाला
कशाला एवढे कागद? व्हेंडर मशीन चालू करून स्टार्टअप रिपोर्ट देतो, झालं कमिशनिंग. आम्ही सिन्नरला वर्षानुवर्षं असंच केलं.

मेधा_सातपूर
नाही काका, स्टार्टअप त्या एका मशीनचा. आमच्याकडे चिलर झकास चालू होता, रिपोर्टही ओके, पण एएचयूच्या (खोलीत थंड हवा सोडणाऱ्या युनिटच्या) थंड पाण्याच्या व्हॉल्व्हचा सिग्नल उलटा जोडलेला, खोली थंड झाली की व्हॉल्व्ह अजून उघडायचा. हे फंक्शनल टेस्टमध्ये, म्हणजे सगळी यंत्रणा एकत्र चालवून बघताना सापडलं. तो रिपोर्ट धरून बसलो असतो तर बिल येईपर्यंत कळलंच नसतं.

जुना_साइटवाला
ते वायरमनने बघायचं असतं. चेकलिस्ट आमचे कॉन्ट्रॅक्टर पण भरतातच की.

डक्टवाला
भरतात, पण टेस्ट काय आणि कशी घ्यायची ते अथॉरिटीने ठरवायचं, आणि जे सापडेल ते इश्यू लॉगमध्ये जायला हवं. अंबडकर, अजून एक, डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत चिलर फुल लोडवर येणारच नाही. ती टेस्ट एप्रिल-मेमध्ये घ्यायची असं प्लॅनमध्ये आत्ताच लिहून घ्या, कॉन्ट्रॅक्टरने परत यायचं हेसुद्धा, नाहीतर उन्हाळ्यात कोणी फोन उचलत नाही.

अंबडकर_२१
ड्रॉइंगवर त्या माणसाचं नाव आहे का बघतो. मालकांना उद्याच गाठतो. पण मेंटेनन्स कोण बघणार हे त्यांचंही ठरलेलं नाही, ते रिकामं सोडलं तर चालेल?

मेधा_सातपूर
रिकामं नको. "अद्याप ठरायचं आहे" लिहा, कोण कधीपर्यंत ठरवणार तेही लिहा. ओपीआर पुढे सुधारत जातं, प्रत्येक आवृत्तीवर तारीख टाका म्हणजे बीओडी कुठल्या आवृत्तीवरून केलंय त्याचा घोळ होत नाही.