'गो'चं 'वेंट' कुठून आलं?

पाचवीची_आई: लेक सेमी-इंग्रजीला आहे. क्रियापदांची रूपं पाठ करताना अडून बसलीय. प्लेचं प्लेड, वॉकचं वॉक्ड, मग गोचं गोड का नाही? "असंच असतं, पाठ कर" म्हणणं जिवावर येतंय. खरं कारण काय?

जुने_मास्तर: ताई, लेकीचा प्रश्न रास्त आहे, तिला दटावू नका. वेंट मुळात गोचं रूपच नाही. ते 'वेंड' या दुसऱ्या क्रियापदाचं. वेंड म्हणजे वळणं, त्यावरून वाट धरणं, जाणं. सेंड-सेंट, बेंड-बेंट, स्पेंड-स्पेंट आणि त्यांच्याखाली वेंड-वेंट, असं वहीत लिहून दाखवा, लगेच पटेल. जुन्या इंग्रजीत गोचा भूतकाळ 'एओडे' होता, तोही परक्याच धातूचा. इंग्लंडच्या दक्षिणेत १५०० च्या सुमारास वेंटनं त्याची जागा घेतलेली होती. मग वेंडला भूतकाळ उरला नाही, म्हणून त्याचं 'वेंडेड' झालं. स्कॉटलंडमध्ये मात्र गोवरूनच 'गेड' असं रूप केलं. म्हणजे तुमच्या लेकीला सुचलं, जवळपास तेच!

आणि तिला विचारा, "मी शाळेत जाली" का म्हणत नाहीस? जाते, जाईन, पण गेली. आपलं 'जा' संस्कृत 'या' धातूवरून आलं आणि 'गेली' हे 'गम्'च्या 'गत'वरून. हिंदीतही जाना आणि गया. रोज तोंडात असलेल्या रूपांना नियमाची गरज पडत नाही, ऐकूनच ती पक्की होतात.

शिकवणीवाली: मास्तरांच्या उत्तरात वापराचं जोडते. 'डिड नॉट' नंतर वेंट नको, गोच हवं. भूतकाळ 'डिड'नं आधीच दाखवलेला असतो. दुसरं, 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे तो पुण्याला गेलाय, अजून आलेला नाही. 'ही हॅज बीन टू पुणे' म्हणजे जाऊन आलाय. दहावीची मुलंसुद्धा इथे घोटाळा करतात.

पाचवीची_आई: सेंड-सेंटची जोडी लगेच पटली! आता विचारतेय, बीचं वॉज कसं?

जुने_मास्तर: तिथे तर तीन धातू एकत्र आलेत. इझ आपल्या 'अस्ति'च्या नात्यातलं. बी 'भू'च्या, ज्यापासून मराठीत 'होणे' आलं. आणि वॉज 'वस्'च्या, म्हणजे राहणं. आपली वस्ती त्यातलीच.