मिरज–कोल्हापूर: आधी सिग्नल की आधी दुसरा रूळ?

रुकडीकर (मूळ धागा)
जेमतेम ४८ किलोमीटरची एकेरी लाइन, आणि प्रत्येक निवेदनात मागणी एकच: दुहेरीकरण. माझं म्हणणं, आधी सिग्नलवर खर्च करा. दुसरा रूळ म्हणजे भूसंपादन, भराव, वर पंचगंगेवर नवा पूल.

लाइनची क्षमता काढायचं जुनं सूत्र आहे. सर्वात अवघड सेक्शन (दोन स्टेशनांमधला तुकडा) पार करायचा वेळ आणि ब्लॉकच्या कामाचा, म्हणजे त्या तुकड्यात गाडी सोडायची परवानगी घेण्या-देण्याचा, वेळ यांची बेरीज करा, तिनं १४४० मिनिटांना भागा, उत्तराचे ७० टक्के घ्या. सेक्शनला १४ मिनिटं नि टोकनला, म्हणजे ड्रायव्हरला परवानगी म्हणून द्यायच्या गोळ्याला, ५ धरली तर दिवसाला ५३ गाड्या. टोकनविरहित ब्लॉकला अडीच मिनिटं धरली तर ६१. नवा रूळ न टाकता आठ गाड्या!

लूपलाइन
सूत्र बरोबर, निष्कर्ष गंडलाय. ही आठांची सवलत एकदाच मिळते. पुढे ब्लॉकचा वेळ शून्यावर आणलात तरी गाड्यांचा आकडा ७२ च्या वर जात नाही, कारण ती १४ मिनिटं रुळावर जातात, यंत्रात नव्हे.

मध्ये आयबीएस, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधला जादा सिग्नल टाकून सेक्शनचे दोन तुकडे करू म्हणाल, तर तो पाठोपाठच्या गाड्यांना उपयोगी. रुकडीहून हातकणंगल्याकडे दोन सोडल्या, की समोरची गाडी दोन्ही येईपर्यंत हातकणंगल्याच्या लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या लाइनीवर) उभी. दोघींना आत घ्यायला मोकळ्या लाइनी नसतील तर दुसरी स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला तिष्ठत.

सांधेवाला
सिग्नल बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. टोकनच्या जमान्यात दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेनं जोडलेली असायची. एक पोलादी गोळा बाहेर काढला की तो कुठल्याही टोकाला परत यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघायचाच नाही. ड्रायव्हरकडे गोळा नाही तर पुढची लाइन त्याची नाही, विषय संपला.

आता ब्लॉक मोकळा झाला का हे अ‍ॅक्सल काउंटर सांगतो. रुळाला बसवलेले सेन्सर चाकांच्या जोड्या, म्हणजे आत गेलेले आणि बाहेर आलेले अ‍ॅक्सल मोजतात, त्यामुळे गाडी पूर्ण आली हे दाखवणाऱ्या, शेवटच्या डब्याच्या एलव्ही बोर्डावरच विसंबून राहावं लागत नाही. पण मोजणी एकानं जरी चुकली, तर रिकामा सेक्शनही व्यापलेला दिसतो. मग कागदी परवाना, रीसेटचे सोपस्कार, आणि वाचवलेली अडीच मिनिटं व्याजासकट परत.

शिवाय हे काम चालू लाइनवर करायचं. १९८८ साली लंडनजवळ क्लॅपहमला नव्या वायरिंगच्या कामात जुनी वायर लोंबती राहिली, ती संपर्कात येऊन सिग्नलनं चुकीचा हिरवा दिला, ३५ जण गेले. २ जून २०२३ ला बालासोरजवळच्या बहानगा बाजारला सिग्नल मेन लाइनचा आणि सांधा (गाडीचा रूळ बदलणारा भाग) लूपचा. तिथंही मुळाशी सर्किटमधले चुकीचे फेरफारच होते.

रुकडीकर
सांधेवाले, दुहेरीकरणात हे टळतं होय? दुसरा रूळ आला की प्रत्येक स्टेशनचं इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधणारी यंत्रणा, नव्यानं करावं लागतं. धोका उलट वाढतो. आणि कवच ही टक्कर टाळणारी यंत्रणा आहे की.

लूपलाइन
कवच मध्ये आणू नका. ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडायला लागला तर ते ब्रेक लावतं. सिग्नलची माहिती मात्र कवचाला इंटरलॉकिंगकडूनच मिळते, म्हणजे वायर चुकली तर कवचालाही हिरवाच दिसणार. आणि ब्लॉक तेवढेच ठेवलेत तर गाड्यांची संख्याही त्यानं वाढत नाही.

गूळबाजार
दोघंही शेवटचं स्टेशन विसरलात, भावांनो. कोल्हापूरला रूळ संपतो. गाडी आली की इंजिन सोडा, फिरवून दुसऱ्या टोकाला लावा, ब्रेक तपासा. तोवर प्लॅटफॉर्म अडलेला. इथं जागा नसेल तर मधली लाइन चार पदरी करा, गाडी वळिवड्याला थांबणारच.

सांधेवाला
गूळबाजारचं पटतं. रुकडीकर, तुमच्याच सूत्रात १४ मिनिटांच्या सेक्शनच्या मधोमध लूपसह एक क्रॉसिंग स्टेशन (समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतील असं) घाला. वेळ ७ मिनिटं, ब्लॉकची अडीच, म्हणजे दोन्ही दिशांच्या मिळून १०६ गाड्या. अर्थात प्रत्यक्षात पुढचा लांब सेक्शन लगेच आडवा येईल, पण मागणी करायचीच तर आधी याची करा. नदीवरच्या पुलाचं नंतर बघू.