बर्ग्लरी म्हणजे चोरी नव्हे?

सोलापूरकर७२: मेव्हण्याच्या गोदामातून तेलाचे डबे गेले. चोराने दारामागच्या खिळ्यावरची किल्ली आधी कधीतरी लांबवली, रात्री कुलूप उघडलं, जाताना परत लावलं. क्लेम नामंजूर: पॉलिसी 'बर्ग्लरी'ची आहे आणि जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नाही. मला कंपनीचं पटतंय (त्यावरून घरात अबोला आहे). बर्ग्लरी म्हणजे घरफोडी. काही फोडलंच नाही तर घरफोडी कसली?

खडूफळा: शब्दाची फोड करून कायदा कळत नाही हो. दंड संहितेच्या कलम ४४५ खाली उदाहरणच होतं: मालकाची हरवलेली किल्ली सापडली, तिने दार उघडून कुणी आत शिरला, तर ती घरफोडीच. आता न्याय संहितेत कलम ३३० बघा. फौजदार घरफोडी लिहून घेणार आणि विमावाला म्हणणार, छे, साधी चोरी!

सोलापूरकर७२: ते गुन्हेगाराला शिक्षा देण्यापुरतं. पॉलिसी हा करार आहे. २००४ साली सुप्रीम कोर्टाने अशाच वादात सांगितलं की करारात बर्ग्लरीची जी व्याख्या लिहिली तीच धरायची, फौजदारी कायद्यातली नाही. विमेदार हरला.

खडूफळा: अर्धंच सांगताय. त्याच निकालात कोर्टाने कंपन्यांना सुनावलंय, की सामान्य माणसाला कळेल असा अर्थ पॉलिसीत ठेवा. वीस वर्षं झाली, कोण ऐकतंय?

ठाणेलोकल: गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडात या शब्दाला फोडाफोड लागत नाही. पूर्वी लागायची, तीही रात्रीची आणि राहत्या घराची. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टपासून चोरीच्या इराद्याने परवानगीवाचून इमारतीत शिरलात की झाली बर्ग्लरी, दार सताड उघडं असलं तरी. इंग्रजांनी सोडलेली अट आपल्या पॉलिसीत मुक्कामाला.

सोलापूरकर७२: असेल. पण वाचून सही करायला काय झालं होतं? प्रीमियम घरफोडीचा भरायचा आणि भरपाई सगळ्या चोऱ्यांची मागायची, हेही बरं नाही. चोरीचं कव्हर वेगळं मिळतं, चार पैसे जास्त पडतात. तेव्हा तेच नको होते.

खडूफळा: पॉलिसी कुठल्या भाषेत होती?

सोलापूरकर७२: इंग्रजीत. सही मराठीत आहे.